सेंदाईतली थोरली

ती सात मजली आहे. अंगावर तपकिरी टाइल्स, तोंड दक्षिणेला. दक्षिणेच्या अंगाला सगळ्या घरांच्या बाल्कन्या, आणि ऊन पडलं की त्यांच्या कठड्यांवर टाकलेल्या गाद्या. उत्तरेच्या अंगाला प्रत्येक मजल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडा व्हरांडा आणि त्यावर ओळीनं लोखंडी दारं. गिरगावातल्या चाळीची गॅलरी ज्यानं पाहिली आहे, त्याला ही मांडणी पहिल्याच नजरेत ओळखीची वाटेल. तळमजल्यावर टपालपेट्यांची भिंत, तिच्या शेजारी नोटिशींचा फळा, आणि काचेच्या लहानशा खिडकीमागे इमारतीची देखरेख करणाऱ्या कान्रिनिन-सानांची खोली. लिफ्ट एकच. ती हळू चालते, पण थांबताना हिसका देत नाही.

जपानमध्ये अशा काँक्रीटच्या, एकेक घर स्वतंत्र विकलेल्या इमारतीला मॅन्शन म्हणतात. आमची मॅन्शन ईशान्य जपानमधल्या सेंदाई शहरात आहे. शहराची वस्ती साधारण अकरा लाख, आणि टोकियोहून शिन्कान्सेननं यायला सुमारे दीड तास लागतो. केयाकीच्या उंच झाडांच्या दुतर्फा रांगा ही या शहराची ओळख. मॅन्शन उभी आहे ती नाम्बोकु मार्गावरच्या भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनाजवळ, चढावर. ती इथे आली तेव्हा मात्र ही रेल्वे नव्हती; नाम्बोकु मार्ग १९८७ साली सुरू झाला. म्हणजे स्टेशन तिच्या मागाहून आलेलं. तिच्यातलं एक घर आम्ही घेतलं आणि त्या निमित्तानं तिची ओळख झाली. घर महिन्याभरात ओळखीचं झालं. ती कळायला मात्र वेळ लागला, आणि जसजशी कळत गेली तसतसा तिच्याबद्दलचा आदर वाढत गेला.

तिचं वय विचाराल तर ती १९८३ सालची. पण जपानमध्ये जाणता माणूस इमारत पूर्ण कधी झाली हे आधी विचारत नाही. तिच्या नकाशांना मंजुरी कधी मिळाली, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. १ जून १९८१ ही इथली सीमारेषा आहे. त्या दिवसापासून भूकंपाला तोंड देण्याचे नवे नियम लागू झाले. मोठ्या धक्क्यात इमारतीला तडे गेले तरी चालतील, पण ती कोसळून आतली माणसं मरता कामा नयेत, हा त्या नियमांचा गाभा. मंजुरी त्याआधीची असेल, तर १९८२ मध्ये पूर्ण झालेली इमारतसुद्धा जुन्याच नियमांची धरली जाते. अशा इमारतीची भूकंपतपासणी झाली आहे का, आणि झाली असेल तर निकाल काय लागला, हे वेगळं विचारावं लागतं. आमच्या इमारतीची मंजुरी १ जून १९८१ नंतरची, म्हणजे रेषेच्या अलीकडची, नव्या नियमांतली.

या नियमांची मुळं सेंदाईच्याच समुद्रात आहेत. १२ जून १९७८ रोजी मियागी प्रांताच्या किनाऱ्यापुढे ७.४ तीव्रतेचा भूकंप झाला. घरांभोवतीच्या काँक्रीट ब्लॉकच्या कुंपणभिंती रस्त्यावर कोसळल्या आणि त्यांच्याखाली माणसं सापडली. त्या भूकंपानं जे शिकवलं ते १९८१ च्या नियमांत उतरलं, आणि अजूनही सेंदाई दरवर्षी १२ जून हा दिवस आपत्तीच्या तयारीचा दिवस म्हणून पाळते. आपल्याच शहराच्या दुःखातून आलेला नियम अंगी बाणवून उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीतल्या इमारतींपैकी ही एक.

तिची परीक्षा ११ मार्च २०११ ला झाली. तीव्रता ९.०. खांब आणि तुळया शाबूत राहिल्या. तडे गेले ते दार आणि खिडकी यांच्यामधल्या भिंतींना. वजन पेलण्याचं काम या भिंतींकडे नसतं, त्यामुळे इमारत पडायची भीती नव्हती, पण भिंतींवर फुलीच्या आकाराच्या भेगा उमटल्या आणि दारांच्या चौकटी तिरक्या झाल्या. सेंदाईतल्या पुष्कळ मॅन्शनमध्ये त्या दिवशी असंच झालं. माणसं आत, दार अडकलेलं.

आमच्या मजल्यावरच्या आजी तेव्हा घरात होत्या. त्यांचं दार हलेना. त्या बाल्कनीत गेल्या. इथे दोन घरांच्या बाल्कन्यांमध्ये भिंत नसते, सिमेंटचा पातळ पत्रा बसवलेला असतो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: संकटकाळी हा पत्रा फोडून शेजारी जा. पलीकडच्या माणसानं लाथेनं तो पत्रा फोडला आणि आजींना आपल्या घरातून बाहेर काढलं. आज बाल्कनीत उभं राहून पाहिलं तर त्या एका जागचा पत्रा बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो. म्हणूनच पत्र्याला टेकून सामान ठेवायला बंदी आहे. बाल्कनी वापरायची आम्ही, पण ती सगळ्या इमारतीची सुटकेची वाट आहे, आणि कायद्यानंही ती सामाईकच आहे.

त्या दिवसांत वीज नव्हती म्हणून पंप बंद होता, आणि पंप बंद म्हणून पाणी नव्हतं. शहराचा नळाचा गॅस पूर्ण सुरू व्हायला महिनाभर लागला. तरण्या माणसांनी जिन्यानं पाण्याचे कॅन वर वाहिले, आणि कोणत्या मजल्यावर कोण एकटं राहतं याची यादी नोटिशींच्या फळ्यावर लावली. पुढे भेगा बुजवल्या त्या सामाईक भागाच्या भूकंप विम्याच्या पैशातून आणि साठवलेल्या निधीतून. १९६४ साली निइगाताला मोठा भूकंप झाला, त्यानंतर १९६६ मध्ये जपाननं हा विमा सुरू केला. आगीच्या विम्याच्या रकमेच्या निम्म्यापर्यंतच तो उतरवता येतो. पण रहिवासी संघानं तो वेळेवर घेऊन ठेवला होता, म्हणून काम लगेच हाती घेता आलं.

काँक्रीट म्हातारं होतं म्हणजे काय होतं, हे तिच्यामुळे समजलं. ताजं काँक्रीट क्षारधर्मी असतं आणि त्यामुळे आतल्या सळ्यांना गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत राहतो आणि तो क्षारपणा पृष्ठभागापासून आतल्या दिशेनं ओसरत जातो. तो सळीपर्यंत ओसरला, त्यात पावसाचं पाणी भेगेतून पोचलं, की सळी गंजते. गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढलप्यांनी सुटतं. म्हणून रंग, टाइल्स आणि गच्चीवरचा जलरोधक थर हा नुसता देखावा नसतो. सळ्यांचं आयुष्य त्यांच्यावर अवलंबून असतं. साधारण बारा ते पंधरा वर्षांनी अशा इमारतीची मोठी दुरुस्ती काढतात, ती याचसाठी. करखात्याच्या घसाऱ्याच्या तक्त्यात काँक्रीटच्या घराचं आयुष्य ४७ वर्षं दिलेलं आहे. पुष्कळ जण तोच आकडा इमारतीचा मृत्युदिन समजतात. तो फक्त हिशेबाचा आकडा आहे. नीट राखलेली इमारत त्यापुढे खूप वर्षं उभी राहते, आणि दुर्लक्ष झालेली त्याच्या कितीतरी आधी खचते.

तिची तिसरी मोठी दुरुस्ती आम्ही राहायला आल्यावर झाली. पायापासून गच्चीपर्यंत परांची बांधली आणि जाळी लावली. कित्येक आठवडे कपडे घरातच वाळवायचे आणि खिडक्या बंद ठेवायच्या. एके सकाळी जाळीच्या आत, आमच्या खिडकीबाहेर, एक कारागीर दिसला. हातात लांब दांडी आणि तिच्या टोकाला छोटा धातूचा गोळा. तो दांडी टाइल्सवरून ओढत होता. खर्रर्र असा एकसारखा आवाज येत होता, आणि मध्येच तो बदलायचा: हलका, पोकळ. तो थांबायचा, तीच जागा दोनदा ठोकायचा आणि टाइलवर रंगीत टेपचा तुकडा चिकटवायचा. आवाज पोकळ म्हणजे टाइल मागच्या भिंतीपासून सुटलेली. आज ना उद्या ती कुणाच्या तरी डोक्यावर पडणार. सात मजली भिंतीची एकेक टाइल त्या माणसांनी अशी कानांनी तपासली. मग टेप मोजल्या. काही टाइल्स काढून नव्या बसवल्या, काहींच्या मागे सुईनं राळ भरली. आमच्या खिडकीजवळची एक टाइल आजही शेजारणींपेक्षा किंचित गडद आहे, कारण १९८३ च्या रंगाचा साचा आता मिळत नाही. कारखान्यानं जमेल तितका तोच रंग जुळवून दिला.

तिच्या पोटातले नळ हा तिचा नाजूक भाग आहे. जुन्या मॅन्शनमध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ लोखंडी असतात आणि आतून गंजतात. सकाळी पहिलं पाणी तांबूस आलं तर समजायचं. सांडपाण्याची रचना आणखी गुंतागुंतीची. आमच्या न्हाणीघराचा निचरा आमच्या जमिनीखालून जातो, म्हणजे खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून. तो फुटला तर पाणी त्यांच्या घरात गळणार, आणि दुरुस्त करायचा तर त्यांचंच छत उघडावं लागणार. असा पाइप कुणाचा, यावर खटला चालला आणि २००० साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं तो सामाईक ठरवला. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी माणसं येतात आणि प्रत्येक घराच्या मोऱ्यांत जोरदार पाण्याचा फवारा सोडून पाइप धुतात. त्या दिवशी प्रत्येकानं घरी थांबायचं असतं, कारण एका घराचा गाळ राहिला तर तो खालच्याला अडवतो.

काय आमचं आणि काय सगळ्यांचं, याची मोजणी तिनं हळूहळू शिकवली. भिंतीचा आतला पृष्ठभाग आमचा, भिंत सगळ्यांची. दाराचा आतला रंग आमचा, दार सगळ्यांचं. खिडकीची चौकट आणि काचही सगळ्यांची. जानेवारीत एकेरी काचेवरून पाणी ओघळायचं, पडदे भिजायचे, तरी आम्हाला ती काच परस्पर बदलता येत नव्हती. मग संघाची परवानगी घेऊन आतल्या बाजूनं दुसरी खिडकी बसवली. ती आमच्या हद्दीत येते. आता बाहेर बर्फ पडत असताना खोली कोरडी आणि उबदार असते.

तिचा खर्च दर महिन्याला प्रत्येक घराच्या खात्यातून वळता होतो, दोन वेगळ्या नावांनी. एक कान्रिही, म्हणजे रोजच्या देखभालीचा पैसा: झाडलोट, लिफ्ट, दिवे, कान्रिनिन-सान. दुसरा शूझेन त्सुमितातेकिन, म्हणजे पुढच्या दुरुस्त्यांसाठी साठवायचा निधी. आपल्या सोसायटीतल्या सिंकिंग फंडाचा हा चुलत भाऊ, पण इथे सगळं भवितव्य त्याच्यावर असतं. नवी इमारत विकताना हा दुसरा आकडा मुद्दाम लहान ठेवतात, म्हणजे महिन्याचा खर्च गिऱ्हाइकाला हलका वाटतो. पुढे तो टप्प्याटप्प्यानं वाढवायचा असं कागदावर असतं. प्रत्यक्षात वाढ सुचवली की सभेत हात वर होत नाहीत. २०२३ च्या सरकारी पाहणीत ३६.६ टक्के मॅन्शनमधला निधी आखलेल्या योजनेपेक्षा कमी भरला.

म्हणून जपानमध्ये घर घेणाऱ्याला एक सल्ला सगळे देतात: मॅन्शन घेताना तिचं व्यवस्थापन विकत घ्या. एजंट आधी नवं स्वयंपाकघर आणि बाल्कनीतून दिसणारे डोंगर दाखवतो. मागायचे असतात कागद: येत्या तीस वर्षांची दुरुस्ती योजना, निधीची शिल्लक, किती घरांची थकबाकी आहे, आणि मागच्या सभांची इतिवृत्तं. थकबाकी पाहावीच लागते, कारण आधीच्या मालकानं थकवलेली वर्गणी कायद्यानं नव्या मालकाकडूनही वसूल करता येते. करारापूर्वी परवानाधारक माणूस आपलं ओळखपत्र दाखवून महत्त्वाच्या बाबी वाचून समजावतो. तेव्हा घाई करू नये. परदेशी माणसाला जपानमध्ये घर विकत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही, पण घरकर्जासाठी बँका बहुधा कायमच्या वास्तव्याचा परवाना मागतात. दलालीची कमाल मर्यादा ठरलेली आहे: सर्वसाधारणपणे किमतीच्या ३ टक्के अधिक ६०,००० येन आणि त्यावर कर. ८० लाख येनपर्यंतच्या स्वस्त घरांसाठी मात्र जुलै २०२४ पासून करासह ३,३०,००० येनपर्यंत दलाली घेता येते. लहान शहरांतली जुनी घरं विकायला दलाल पुढे यावेत, म्हणून ही सवलत.

आमच्या हाती आलेल्या इतिवृत्तांत एका जुन्या सभेची नोंद होती. निधी वाढवायचा प्रस्ताव, दोन तास चर्चा, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांची अडचण, पुढच्या सभेपर्यंत तहकुबी, आणि पुढच्या सभेत मंजुरी. ती पानं वाचली आणि आम्ही घर घ्यायचं ठरवलं. ज्या लोकांनी आपसांत भांडून, ऐकून घेऊन, शेवटी जास्त पैसे भरायचं कबूल केलं, त्यांच्या शेजारी राहावं असं वाटलं.

व्यवस्थापन नसलं तर काय होतं, याचं उदाहरण शिगा प्रांतातल्या यासू शहरात घडलं. १९७२ सालची तीन मजली, नऊ घरांची इमारत. चालता संघ नाही, निधी नाही, कुणी राहत नाही. भिंती पडल्या, आतलं अॅस्बेस्टॉस उघडं पडलं, शेजारच्यांना धोका झाला. काही मालकांशी संपर्कच होईना. शेवटी २०२० साली नगरपालिकेनं स्वतः ती पाडली. खर्च आला सुमारे ११.८ कोटी येन, आणि तो मालकांच्या नावावर टाकला. घर फुकट मिळत असलं तरी ते किती महाग पडू शकतं, हे त्या नऊ मालकांना कळलं.

मुंबईकराच्या मनात इथे एक प्रश्न येईल: बिल्डर का येत नाही? मुंबईत जुन्या इमारतीला जादा चटईक्षेत्र मिळतं. त्यावर बांधलेली नवी घरं विकून बिल्डर जुन्या रहिवाशांना नवी जागा देतो, कारण जमीन सोन्याच्या भावाची आहे. जपानमध्येही जमीन महाग असेल तिथे हे घडतं. टोकियोत शिबुयातली १९५३ सालची मियामासुझाका बिल्डिंग आणि १९५६ ची योत्सुया कॉर्पोरस या एकेक घर स्वतंत्र विकलेल्या अगदी सुरुवातीच्या इमारती. एका इमारतीत अनेक मालक असण्याचा कायदा १९६२ साली आला, त्याही आधीच्या. दोन्ही पाडल्या गेल्या आणि त्या जागी नव्या उभ्या राहिल्या. पण सगळ्या देशात एप्रिल २०२४ पर्यंत असं पुनर्बांधकाम पुरं झालेल्या मॅन्शन तीनशेही भरल्या नव्हत्या. २०२३ अखेर मॅन्शनमधली घरं होती ७० लाखांच्या वर, आणि त्यांतली साडेतेरा लाखांहून अधिक चाळीस वर्षं ओलांडलेली. लोकसंख्या घटत असताना राजधानीबाहेरच्या शहरात, चढावरच्या या जमिनीसाठी कोणी बिल्डर नकाशे घेऊन येणार नाही. थोरलीला वाचवायला बाहेरून कोणी येणार नाही. जे करायचं ते आतल्यांनीच करायचं आहे.

म्हणून तिची माणसं हाच तिचा खरा आधार आहे. किल्ली मिळाल्यावर इथल्या रिवाजाप्रमाणे आम्ही वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरी छोटी भेट घेऊन गेलो. खालच्या घरातल्या बाईंनी हसून विचारलं, "लहान मुलं आहेत का? असतील तर धावू द्या. आवाजाची आम्हाला सवय आहे." कान्रिनिन-सान सकाळी येतात, जिने झाडतात, दिवे तपासतात आणि दिवसाची नोंद वहीत लिहितात. कुणाच्या टपालपेटीत पत्रं साचली तर दार वाजवतात. संघाच्या समितीवर घराघरानं पाळीपाळीनं यायचं असतं. वय झालेल्यांना ते झेपत नाही, तेव्हा पुढचं घर ती पाळी घेतं. संघाचं सदस्यत्व नको म्हणायची सोय कायद्यात नाही. घर घेतलं की आपण संघात आलो.

यंदाच्या वार्षिक सभेत पाण्याचे सगळे नळ बदलण्याचा प्रस्ताव होता. लोखंडी काढून न गंजणाऱ्या प्लास्टिकचे बसवायचे. रक्कम मोठी होती. निधीचा बराच भाग त्यात जाणार होता. कायदाही आता बदलला आहे. २०२५ मधल्या दुरुस्तीनुसार एप्रिल २०२६ पासून साधे निर्णय हजर मतांच्या बहुमतानं घेता येतात, आणि पत्ताच न लागणाऱ्या मालकांना न्यायालयाच्या परवानगीनं मतमोजणीतून वगळता येतं. ओस घरं वाढत असताना सभा अडून राहू नयेत, यासाठी हे केलं. पण कायदा फक्त रस्ता मोकळा करतो, पैसे माणसांनाच भरावे लागतात. सभेत कुणीतरी म्हणालं की हे नवे नळ तीस-चाळीस वर्षं टिकतील. एवढी वर्षं आपल्यातले किती जण इथे असणार? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग आमच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना २०११ ला शेजाऱ्यानं पत्रा फोडून बाहेर काढलं होतं, म्हणाल्या, "आम्ही राहायला आलो तेव्हा पाणी स्वच्छ होतं. पुढच्यांनाही तसंच मिळालं पाहिजे." प्रस्ताव मोठ्या बहुमतानं मंजूर झाला.

जुनं घर स्वस्त का आहे, याचं उत्तर बाजार देतो: वय, गाव, घटती वस्ती. ते घर राहण्याजोगं आहे का, याचं उत्तर मात्र त्या इमारतीतली माणसं देतात, आणि ते इतिवृत्तांत लिहिलेलं असतं. आम्ही इथे आलो ते कुणीतरी आमच्या आधी चाळीस वर्षं वर्गणी भरली होती म्हणून. यापुढची वर्गणी आमची आहे, आणि पुढच्या वर्षी समितीवरची पाळीही आमचीच आहे.